मातीचे धरण

(कोकणात पाऊस भरपूर पडतो, पण पाणी टिकत नाही. ते अडवण्यासाठी गावोगावी मातीची लहान धरणे बांधली आहेत. असे धरण पाणी कसे अडवते, ते केव्हा धोक्यात येते आणि धोका आधी कसा ओळखावा, याची माहिती या पाठात दिली आहे.)

रत्नागिरी जिल्ह्यात पावसाला तोटा नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ओढे, नाले, नद्या दुथडी भरून वाहतात. तरीही एप्रिल-मे महिन्यांत याच जिल्ह्यातील कित्येक वाड्यांमध्ये विहिरी तळ गाठतात आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी लांब चालत जातात.

असे का होते? कोकणची जमीन उताराची आहे. एका बाजूला सह्याद्रीचे उंच कडे, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मधली पट्टी अरुंद. डोंगरावर पडलेले पाणी पाहता पाहता समुद्राला मिळते. जे जमिनीत मुरते, तेही जांभ्या दगडाच्या भेगांतून आणि छिद्रांतून लवकर झिरपून जाते. म्हणून पाणी वरच्या बाजूलाच अडवावे लागते. डोंगराच्या दोन सोंडांमध्ये जेथे ओढा अरुंद होतो, तेथे आडवा भराव घालायचा, म्हणजे मागे पाणी साठते. माती आणि मुरूम जवळच मिळतात, खर्च कमी येतो. म्हणून अशी बहुतेक लहान धरणे मातीचीच असतात.

चिपळूण तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी तिवरे नावाचे गाव आहे. तेथे असेच एक मातीचे धरण होते. लांबी सुमारे तीनशे मीटर. त्यात वीस लाख घनमीटरांहून अधिक पाणी मावत असे. धरण बांधून दोन दशकेही झाली नव्हती. धरणाच्या खाली ओढ्याच्या काठाला भेंदवाडी ही छोटी वस्ती होती.

धरणातून पाणी गळते, अशी तक्रार गावकऱ्यांनी केली होती. २०१९ च्या पावसाळ्यापूर्वी तेथे थोडी दुरुस्तीही झाली. मग पाऊस सुरू झाला आणि धरण भरले. २ जुलै २०१९ रोजी, रात्री साडेनऊच्या सुमारास भराव फुटला. बाहेर अंधार होता, पाऊस पडत होता आणि माणसे आपापल्या घरात होती. पाण्याचा लोंढा भेंदवाडीवर आला. डझनभर घरे वाहून गेली. वीसहून अधिक माणसे पाण्याबरोबर गेली. त्यांत लहान मुलेही होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान मदतीला आले आणि अनेक दिवस नदीच्या पात्रात शोध चालला.

पुढे सरकारने चौकशीसाठी विशेष पथक नेमले. खेकड्यांनी धरण पोखरले, असे त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी म्हटले, तेव्हा त्यांच्यावर मोठी टीका झाली. लोकांचा प्रश्न साधा होता : गळती आधीच दिसली होती, तर धरण वेळेवर का सावरले गेले नाही? हा प्रश्न समजून घ्यायचा, तर मातीचे धरण म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

पाण्याला वजन असते. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार लिटर. त्याचे वजन एक टन. दहा मीटर खोल पाण्याच्या तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर दहा टन भार असतो. हा भार धरणावरही पडतो. साधी माती तो कसा सोसते?

धरण बाहेरून मातीच्या ढिगासारखे दिसते, पण तो ढीग नसतो. बांधताना माती पातळ थरांत पसरतात, तिच्यावर बेताचे पाणी मारतात आणि जड रोलर फिरवून ती दाबतात. एक थर घट्ट बसला की त्यावर दुसरा. धरणाच्या मधोमध चिकण मातीचा गाभा असतो. पाणी अडवण्याचे खरे काम हा गाभा करतो. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाचा जाड भराव असतो. तो आपल्या वजनाने गाभ्याला आधार देतो. पाण्याकडच्या उतारावर दगड बसवलेले असतात, कारण लाटांच्या माऱ्याने माती सुटते. मागच्या उतारावर गवत वाढू देतात. त्यामुळे पावसाने माती धुपत नाही. धरणाच्या एका कडेला सांडवा असतो. धरण भरल्यावर जादा पाणी या वाटेने सुरक्षितपणे निघून जाते. शेतीला पाणी सोडण्यासाठी भरावाच्या तळातून एक मार्ग काढलेला असतो. त्याला विमोचक म्हणतात.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोणतेही मातीचे धरण पूर्णपणे कोरडे नसते. चिकण मातीतूनही पाणी हळूहळू पाझरते. बांधणाऱ्यांना हे ठाऊक असते, म्हणून ते भरावात वाळू आणि खडी यांचे गाळण-थर घालतात. चहाची गाळणी चहा जाऊ देते आणि पत्ती अडवते. तसेच हा थर पाणी जाऊ देतो आणि माती अडवतो. पाझरलेले पाणी धरणाच्या पायथ्याशी स्वच्छ होऊन बाहेर पडते आणि चरातून निघून जाते. असा पाझर थोडा असेल, स्वच्छ असेल आणि रोज सारखाच असेल, तर घाबरण्याचे कारण नाही.

भीती वेगळ्याच गोष्टीची असते. पायथ्याशी येणारे पाणी गढूळ झाले, तर त्याचा अर्थ ते एकटे येत नाही. धरणाची माती बरोबर घेऊन येत आहे. एक कण निघाला की त्याच्या मागचा कण सैल होतो. तो निघाला की त्याच्या मागचा. अशी पोकळी पायथ्यापासून आत, साठलेल्या पाण्याच्या दिशेने वाढत जाते. पोकळी वाढली की पाण्याला वाट सोपी होते. पाण्याचा वेग वाढतो आणि माती अधिक वेगाने निघते. वरून धरण जसेच्या तसे दिसते. आतून मात्र ते पोखरले जात असते. पोकळी तलावापर्यंत पोहोचली, की थोड्याच वेळात तिचे भगदाड होते आणि वरचा भराव कोसळतो.

हे किती लवकर घडते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. आयडाहो राज्यात टेटन नदीवर मातीचे एक मोठे, नव्वद मीटरांहून उंच धरण बांधले होते. १९७६ साली ते प्रथमच भरत होते. ३ जूनला धरणाच्या खालच्या बाजूला स्वच्छ पाण्याचे लहान झरे दिसले. ५ जूनच्या सकाळी मात्र गढूळ पाणी येऊ लागले. पाहता पाहता झऱ्याचे भोक झाले. दोन बुलडोझर भोकात माती लोटू लागले. पण पाण्याने ती माती तर नेलीच, बुलडोझरही गिळले. चालक थोडक्यात वाचले. दुपारी बाराच्या आत धरण फुटले. म्हणजे गढूळ पाणी दिसल्यापासून धरण फुटेपर्यंत केवळ काही तास गेले. पुराने गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली, पण मृत्यू अकरा झाले. दिवसाची वेळ होती आणि खालच्या गावांना इशारा वेळेवर मिळाला होता. म्हणून हजारो माणसे वाचली.

टेटनचा धडा तिवऱ्याला लावून पाहा. तिवऱ्याचे धरण कितीतरी लहान, तरी तेथे बळी अधिक. तेथे रात्र होती आणि घरातून निघण्याइतका वेळ कोणाच्या हाती नव्हता. धरण लहान म्हणून धोका लहान, असे समजू नये. धोका धरणाच्या उंचीवर जसा अवलंबून असतो, तसाच धरणाखाली कोण राहते आणि त्यांना इशारा केव्हा मिळतो, यावरही असतो.

मातीच्या धरणाचा दुसरा शत्रू म्हणजे माथ्यावरून वाहणारे पाणी. दगडी धरणावरून पाणी वाहिले, तर ते काही काळ टिकू शकते. मातीच्या धरणाचे तसे नाही. पाणी माथ्यावरून वाहू लागले की मागच्या उताराची माती धुपते, घळ पडते आणि ती घळ धरण कापत जाते. म्हणून सांडवा मोकळा असणे फार महत्त्वाचे. कोकणातील पाऊस किती पाणी आणतो, याचा हिशेब करून पाहा. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लाख घनमीटर पाणी होते. कोकणात एका दिवसात एवढा पाऊस ही नवलाची गोष्ट नाही. त्यातील थोडे जमिनीत मुरते, पण भर पावसाळ्यात जमीन आधीच ओली असते. त्यामुळे बहुतेक पाणी धरणात येते. अशा वेळी सांडव्यात दरड आली असेल, झाडे वाढली असतील किंवा मासे पकडण्यासाठी कोणी आडवे बांध घातले असतील, तर पाणी जाणार कोठून? थोडे जास्त पाणी साठावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचणे हेही तितकेच घातक.

महाराष्ट्राने याचा मोठा अनुभव १९६१ साली घेतला. पुण्याजवळ आंबी नदीवर पानशेत येथे मातीच्या धरणाचे काम चालू होते. ते पूर्ण होण्यापूर्वीच पावसाळ्यात धरण भरू लागले. विमोचकाचे काम अपुरे होते आणि त्याच्या वरचा भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर माथ्यावर वाळूची पोती रचली. तरीही १२ जुलै १९६१ च्या सकाळी धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणावर आले आणि तेही फुटले. पुणे शहराचा नदीकाठचा भाग पाण्याखाली गेला. हजारो कुटुंबे बेघर झाली.

धरण फुटण्याची कारणे वेगवेगळी असतात, पण धरण बहुधा न सांगता फुटत नाही. ते आधी इशारा देते. हा इशारा पुढील खुणांवरून ओळखावा :

पायथ्याशी किंवा उतारावर पाण्याचा नवा झरा दिसणे. जुना पाझर एकाएकी वाढणे. त्याचे पाणी गढूळ होणे. उन्हाळ्यातही उताराचा एखादाच तुकडा हिरवागार आणि दलदलीचा दिसणे. माथ्यावर लांब भेग पडणे किंवा माथा एखाद्या ठिकाणी खचणे. उतारावरची माती घसरणे. पाण्याकडच्या बाजूचे दगड निघून जाणे. विमोचकाच्या भोवती पाणी येणे. कारण माती आणि बांधकाम जेथे भेटतात, ती जागा नेहमीच कच्ची असते. साठलेल्या पाण्यात भोवरा दिसणे, ही तर अगदी शेवटची खूण होय.

भरावावर वाढलेली झाडे आणि प्राण्यांची बिळे यांकडेही लक्ष हवे. झाडाची मुळे खोल जातात. झाड मेले की मुळे कुजतात आणि त्यांच्या जागी नळीसारख्या वाटा राहतात. खेकडा, उंदीर, घूस हे प्राणी मातीत बिळे करतात. ती पाण्याला वाट देऊ शकतात. पण खेकडा हा खेकड्यासारखाच वागणार. बीळ शोधणे, ते नीट बुजवणे आणि झाड लहान असतानाच काढणे ही जबाबदारी माणसाची आहे.

गळती दिसली तर काय करावे? पहिला विचार मनात येतो तो भोक बुजवण्याचा. मागच्या बाजूने झऱ्याच्या तोंडावर चिकण माती थापली, की पाणी थांबल्यासारखे दिसते. पण आत कोंडलेले पाणी शेजारी दुसरी वाट शोधते. म्हणून जाणकार अभियंते तसे करत नाहीत. ते झऱ्यावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी आणि वर जड दगड असे थर घालतात. पाणी जाऊ द्यायचे, माती मात्र अडवायची, हे त्यामागचे तत्त्व. त्याच वेळी विमोचकातून पाणी सोडून धरणाची पातळी खाली आणतात. पातळी उतरली की पाण्याचा भार कमी होतो. खरी दुरुस्ती त्यानंतर, धरण रिकामे असताना करायची असते.

पाणी गढूळ आहे की नाही, हे पाहण्याची पद्धत सोपी आहे. काचेची स्वच्छ बाटली पाझराच्या पाण्याने भरावी आणि काही तास हलवू नये. तळाशी गाळ बसला, तर पाण्याबरोबर माती येत आहे, असे समजावे. अशी बाटली, तारीख आणि वेळ लिहून ठेवली, तर तो चांगला पुरावा होतो. मात्र हे काम मोठ्या माणसांचे. मुलांनी पावसाळ्यात धरणावर किंवा सांडव्याजवळ मुळीच जाऊ नये.

धरणांच्या देखरेखीसाठी आता कायदाही झाला आहे. धरण सुरक्षितता कायदा, २०२१ नुसार धरणाची तपासणी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर करावी लागते. धरण फुटल्यास कोणाला कसे कळवायचे, लोकांना कोठे हलवायचे, याचा आराखडाही तयार ठेवावा लागतो. हा कायदा पंधरा मीटरांहून उंच धरणांना आणि दहा ते पंधरा मीटर उंचीच्या काही धरणांना लागू आहे. त्याहून लहान असे कितीतरी पाझर तलाव आणि गावतळी त्याच्या कक्षेबाहेर राहतात. तेथे गावाचे डोळे हीच पहिली देखरेख.

म्हणून गावाने काही गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात. धरणाची पाहणी कोण करणार? खूण दिसली तर सरपंच, पोलीस पाटील, तलाठी आणि धरण ज्यांच्या ताब्यात आहे ते कार्यालय, यांना कोण कळवणार? तक्रार तोंडी न करता लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी. धोका दिसताच खालच्या वाड्यांना इशारा कसा द्यायचा? मशिदीचा आणि देवळाचा ध्वनिक्षेपक, शाळेची घंटा, दवंडी, फोन, जे हाताशी असेल ते वापरावे. इशारा मिळताच ओढ्याच्या काठाने पळू नये आणि पुलावर पाणी पाहत उभे राहू नये. जवळच्या उंच जागी जावे. ती जागा कोणती, तेथे जाण्याची वाट कोणती, हे लहान मुलांनाही ठाऊक असावे. म्हातारी आणि आजारी माणसे कोण नेणार, हेही ठरलेले असावे.

तिवऱ्याच्या लोकांनी गळती पाहिली होती आणि सांगितलीही होती. पाहणे आणि सांगणे एवढे त्यांनी केले. त्यापुढची दोन कामे, म्हणजे ऐकणे आणि वेळेवर करणे, ज्यांची होती त्यांनी ती पुरी करावी लागतात. या चारांपैकी एक जरी राहिले, तरी बाकीची व्यर्थ जातात. पाऊस दरवर्षी येणार आणि कोकणाला धरणे हवीतच. पाणी अडवायचे असेल, तर अडवलेल्या पाण्यावर लक्षही ठेवले पाहिजे.

शब्दार्थ

दुथडी भरून वाहणे : दोन्ही काठांपर्यंत भरून वाहणे
भराव : माती घालून केलेला उंच बांध
मुरूम : बांधकामासाठी वापरतात ती खडबडीत, भरड माती
गाभा : मधला भाग
पाझर : हळूहळू झिरपणारे पाणी
धुपणे : पाण्याने माती वाहून जाणे
घळ : पाण्याने पडलेली खोल चीर
सांडवा : धरणातील जादा पाणी बाहेर जाण्याची वाट
दवंडी : ढोल वाजवून दिलेली जाहीर सूचना
पोच : कागद मिळाल्याची लेखी खूण

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) तिवरे गाव कोणत्या तालुक्यात आहे?
(आ) धरणात पाणी अडवण्याचे खरे काम कोणता भाग करतो?
(इ) पानशेतचे धरण केव्हा फुटले?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) भरपूर पाऊस पडूनही कोकणात उन्हाळ्यात पाणीटंचाई का होते?
(आ) स्वच्छ पाझर आणि गढूळ पाझर यांत काय फरक आहे?
(इ) झऱ्याच्या तोंडावर चिकण माती थापणे का चुकीचे आहे?

३. कारणे लिहा.
(अ) टेटनच्या पुरातून हजारो माणसे वाचली.
(आ) धरणाच्या भरावावर झाडे वाढू देऊ नयेत.

४. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूतही वापरले जातात. पाठातील ज्या वाक्यांत हे शब्द आले आहेत, ती वाक्ये शोधून लिहा.
जमीन, इशारा, मदत, खर्च, जवान

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
तोटा नसणे, तळ गाठणे, ध्यानात ठेवणे

६. उपक्रम : तुमच्या गावाजवळ धरण, पाझर तलाव किंवा गावतळे आहे का? ते केव्हा बांधले, त्याचे पाणी कोणाला मिळते आणि त्याच्या खाली कोणत्या वाड्या आहेत, याची माहिती घरातील मोठ्या माणसांना विचारून लिहा.